गटाराच्या झाकणावरचा विद्यार्थी

फ्लामेंको म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ठिपक्याठिपक्यांचा घोळदार झगा, केसात फूल, हातात पंखा आणि टाचांचा कडकडाट. झगा, फूल आणि पंखा बाजूला ठेवू, ते पोस्टरवाल्यांसाठी. मला कुतूहल आहे ते कडकडाटाचं. त्याला तिकडे 'सापातेआदो' म्हणतात, कारण 'सापातो' म्हणजे जोडा. जोड्याने वाजवायचं ते सापातेआदो. हे लोक ते शिकतात कसं, हा माझा प्रश्न.

प्रश्न पडण्याचं कारण साधं आहे. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि आयुष्यभर पालकांच्या तोंडून एक वाक्य ऐकलं, "बाई, त्याच्यात नाहीच हो ते." गणित नाही, चित्रकला नाही, सूर नाही. उलट बाजूचं वाक्यही तितकंच लाडकं, "तिच्या रक्तातच आहे." फ्लामेंकोच्या बाबतीत तर हे रक्ताचं प्रकरण फारच जोरात आहे. तो गितानोंचा, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सींचा. तो आंदालुसियाचा, म्हणजे स्पेनच्या दक्षिणेचा. तिथे जन्माला आलात तर येतो, नाहीतर नाही, असं शंभर-दीडशे वर्षं सांगितलं जातंय. म्हणून मला व्हिसेंते एस्कुदेरोची गोष्ट आवडली. हा माणूस गितानो नव्हता, दक्षिणेतलाही नव्हता. १८८८ साली उत्तरेकडच्या वायादोलिद या शहरात जन्मला. ते कास्तिया प्रांतातलं थंड, कोरडं, गंभीर शहर. फ्लामेंकोशी त्याचा संबंध आपल्या नागपूरचा मासेमारीशी असावा इतपतच.

एस्कुदेरोने आपल्या नाचाबद्दल पुस्तक लिहिलं, १९४७ साली. माणूस गोष्टीवेल्हाळ, तेव्हा त्याने सांगितलेलं सगळं काट्यावर तोलून घेऊ नये. पण लहानपणाबद्दल जे सांगतो ते असं, की पाय वाजवायची ओढ होती आणि शिकवायला कोणी नव्हतं. मग त्याने रस्त्यावरची गटाराची लोखंडी झाकणं शोधून काढली. लोखंडावर जोडा वाजतो! पोरगं तिथे उभं राहून टाचा आपटत असे आणि शेजारीपाजारी वैतागत. दुसरी जागा म्हणजे एस्गेवा नदीवर आडवं टाकलेलं झाडाचं खोड. तिथे चुकलं तर पाण्यात. पुढे छापखान्यात कामाला लागला तर यंत्राच्या खटखटीवर पाय चालू. अशा उमेदवाराचं छापखान्यात काय होणार, ते सांगायला नको.

आता पाय वाजवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तळव्याचे निरनिराळे भाग निरनिराळे वाजतात. पूर्ण तळवा सपाट आपटला तर 'गोल्पे'. नुसता चवडा टेकवला तर 'प्लान्ता'. चवडा टेकलेला ठेवून टाच खाली आणली तर 'ताकोन'. पाय मागे नेऊन बोटांचं टोक टोचलं तर 'पुन्ता'. चारच अक्षरं, आणि त्यांतून सगळी भाषा. नाचाच्या जोड्यांना चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे दाटीने ठोकलेले असतात. गुडघे किंचित वाकलेले, वजन खाली, आणि सगळी हालचाल गुडघ्याखालून. वरचं अंग कसं, तर पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेतलेली बाई चालते तसं. पायाखाली वादळ आणि खांद्यावर काही नाही. आवाज मोठा काढणं फार अवघड नाही म्हणतात. अवघड आहे ते दोन्ही पायांचा आवाज सारखा काढणं. उजव्या माणसाचा डावा पाय आळशी असतो, तो मागे रेंगाळतो. म्हणून सुरुवातीला शिकणाऱ्याकडून एकच तुकडा अगदी हळू, तास तास, करून घेतात. वेग मागाहून आपोआप येतो. कथकवाल्यांना हे नव्याने सांगायला नको, तत्कार काय वेगळा असतो?

तर एस्कुदेरोने ही चार अक्षरं स्वतःची स्वतः घोटली. जत्रांतून, लहानसहान रंगमंचांवरून नाचला. टाळ्या मिळाल्या, हिंमत वाढली, आणि गडी माद्रिदला गेला.

माद्रिद, सेविया, मालागा इथे तेव्हा 'काफे कान्तान्ते' होते. गाण्याची कॉफीगृहं म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते विसाव्याच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत त्यांचा जमाना. तमाशाच्या थिएटरची आठवण व्हावी असा मामला, म्हणजे खाली टेबलं, दारू, सिगारचा धूर, आणि एका टोकाला लाकडी मंच. त्या मंचावर अर्धवर्तुळात खुर्च्या टाकून सगळे कलावंत एकदमच बसायचे, गाणारे, गिटार वाजवणारे, नाचणारे. पाळी आली की एकाने उठायचं, आपला नाच करायचा, आणि परत खुर्चीत. बाकीचे काय करतात? बाकीचे टाळ्या वाजवतात. या टाळ्या प्रेक्षकांच्या नव्हेत. त्यांना 'पाल्मास' म्हणतात आणि त्या म्हणजे फ्लामेंकोचा तबला. ओंजळीसारखे तळवे करून वाजवल्या तर बंद, घुमणारा आवाज. बोटं तळव्यावर मारली तर खणखणीत. गायक हळवा झाला की बंद टाळी, नाच रंगात आला की खणखणीत. एक जण ठेक्यावर वाजवतो, दुसरा बरोबर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. चांगले दोघे असले तर चार हातांतून चौघडा ऐकू येतो.

आता हिशेब करा. मंचावर दहा जण असतील तर प्रत्येक जण रात्रीचा एक हिस्सा नाचतो आणि नऊ हिस्से टाळ्या वाजवतो. एस्कुदेरो माद्रिदच्या 'काफे दे ला मारिना'त लागला आणि थोड्याच दिवसांत त्याला काढून टाकलं. कारण? त्याला टाळ्या वाजवता येत नव्हत्या!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग वाटलं, हसण्यासारखं नाही हे. झाकणावर उभं राहून एकट्याने पाय तयार करता येतो. पण एकट्याला ठेका कोण देणार? पोराने पायाची अक्षरं गिरवली होती, वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते त्याला माहीतच नव्हतं. आणि तो नाचत असताना हे लपून राहत असे. नाचणारा आवाजाच्या पावसात खूप काही झाकू शकतो. टाळीत काही झाकता येत नाही. एक टाळी, एक जागा, चुकली की चुकली, आणि तुमच्या टाळीवर नाचणाऱ्या माणसाचा पाय घसरला.

ही जागा किती अवघड आहे ते बघायचं असेल तर घरातल्या घरात करून पाहा. फ्लामेंकोत ठेक्याच्या चक्राला 'कोम्पास' म्हणतात. 'सोलेआ' नावाच्या संथ प्रकाराचा कोम्पास बारा मात्रांचा. बारा म्हटल्यावर आपल्याला एकताल आठवतो, दोन-दोनचे सहा नेटके खण. इथे तसं नाही. तोंडाने एक ते बारा मोजा आणि टाळी द्या तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. म्हणजे अंतरं पडली तीन, तीन, दोन, दोन, दोन. आधी सावकाश चालणारा माणूस अर्ध्या वाटेत पावलं आखडती घेतो, तसं काहीतरी. आणि दुसरी अडचण आपल्या कानांसाठी जास्तच मोठी. आपली सम पहिल्या मात्रेवर. सगळं तिथे येऊन पडतं, आपण 'वा' म्हणतो. सोलेआत एकवर काहीच नाही. वाक्य संपतं ते दहावर. अकरा-बारा म्हणजे श्वास. नाचणाऱ्याने सगळी गडगड आवरून दहावर एक ठोका द्यायचा आणि थांबायचं. त्याला 'रेमाते' म्हणतात, म्हणजे शेवट करणं, निकाल लावणं. मी स्वयंपाकघरात करून पाहिलं. सोलेआच्या गतीने चार-पाच चक्रं जमतात. 'बुलेरिआस' हा त्याचाच धावता भाऊ, त्या गतीत बाराचे बारा वाजतात.

बरं, हे एक ते बारा आकडेसुद्धा वर्गांबरोबर आलेले आहेत. जुन्या गितानो घरांतली पोरं आकडे मोजत नसत. घरात लग्न असो, बारसं असो, आजी-काका-मामा कोंडाळं करून टाळ्या वाजवणार आणि पोर मांडीवर बसून ते ऐकणार. चालायला लागायच्या आधी दहाची जागा त्याच्या हाडात बसलेली. त्यालाच मग लोक रक्त म्हणतात. मला वाटतं तो रक्ताचा गुण कमी आणि मांडीचा जास्त.

रक्ताचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते, कारण आपल्याकडे ही कल्पना फार फिरते. 'फ्लामेंको म्हणजे आपलाच कथक, जिप्सींनी नेलेला.' अर्धं खरं आहे. रोमा लोक मूळचे आपल्या उपखंडातले, याला त्यांची भाषाच साक्षी आहे. त्या भाषेत पाण्याला पानी आणि नाकाला नाक म्हणतात, आणि स्पेनमधले गितानो स्वतःला 'काले' म्हणवतात, तो आपला काळाच. पण त्यांनी आपली भूमी सोडली त्याला हजार वर्षं झाली. १४२५ साली आरागॉनच्या राजा पाचव्या आल्फोन्सोने त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला प्रवासाचा परवाना दिला, ही स्पेनमधली त्यांची सर्वांत जुनी नोंद मानतात. कथक आज आपण ओळखतो त्या रूपाला आला तो लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. जे इथे अजून तयार झालं नव्हतं ते घेऊन कोण कसं जाणार? पाय आपटणं, गिरकी, टाळीचं गणित यांत साम्य आहे, त्याचा आनंद जरूर घ्यावा. २०१४ साली कथक शिकलेला अक्रम खान आणि सेवियाचा इस्राएल गाल्वान या दोघांनी मिळून 'तोरोबाका' नावाचा कार्यक्रम केला, त्यात ते साम्य आणि भांडण दोन्ही दिसतं. पण मालकी सांगायला जाऊ नये.

शिवाय गितानोंनी स्पेनमध्ये जे सोसलं ते स्पेनमध्येच सोसलं. १४९९ पासून त्यांच्याविरुद्ध फर्मानं निघत राहिली, की एका जागी राहा, भाषा सोडा, वेष सोडा. १७४९ च्या जुलैत तर सहाव्या फर्नांदोच्या काळात, एन्सेनादाच्या मार्किसच्या योजनेनुसार, देशभर एकदम छापे घालून हजारो गितानोंना पकडलं. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत कामाला जुंपलं आणि बायका-मुलांना वेगळं कोंडलं. अशा लोकांच्या गाण्यात काही प्रकार गिटारीशिवायचे असावेत, नुसता गळा आणि ठोका, याचं मला नवल वाटत नाही. हात आणि पाय तरी कोण जप्त करणार! पण त्यांच्या शेजारी राहणारे गरीब आंदालुसियन, त्यांचाही वाटा यात आहे. एकोणिसाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला गायक सिल्व्हेरिओ फ्रान्कोनेत्ती, त्याचा बाप इटालियन होता. १८८१ साली 'देमोफिलो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या आन्तोनिओ माचादो इ आल्वारेसने फ्लामेंको गाण्यांचा संग्रह छापला (प्रसिद्ध कवी माचादो बंधूंचे हे वडील). त्यातही त्याची तक्रार हीच, की काफेंत गेल्यापासून गितानो गाण्याचा कस उतरत चालला. म्हणजे 'पूर्वीचं राहिलं नाही' हे रडगाणं फ्लामेंकोच्या पहिल्या पुस्तकाइतकंच जुनं आहे. असो.

काफेतून हाकललेला एस्कुदेरो पुढे बिल्बाओला गेला. तिथे त्याला आन्तोनिओ एल दे बिल्बाओ हा नाचणारा भेटला, त्या काळातला पायांच्या कामातला मोठा माणूस. कोम्पास त्याने एस्कुदेरोला दिला. पायाचं फारसं शिकवायचं नव्हतंच, तो झाकणावर तयार झालेला होता. शिकवायचं होतं ते कधी वाजवायचं नाही हे. शिक्षकाच्या नजरेने बघते तेव्हा मला वाटतं की असा विद्यार्थी मिळणं म्हणजे सुख, आणि डोकेदुखीसुद्धा. कोऱ्या पाटीवर लिहिता येतं. आधीच गिचमिड लिहिलेल्या पाटीवर लिहायचं तर आधी पुसावं लागतं, आणि हा विद्यार्थी तर ती गिचमिड दाखवून टाळ्या घेऊन आलेला.

पुढची हकिकत भराभर सांगते. सैन्यभरती चुकवायला तो देशाबाहेर गेला, पॅरिसला पोचला. पिकासो, मिरो यांच्या वर्तुळात वावरला, स्वतः चित्रं काढू लागला. छापखान्याच्या खटखटीवर नाचणारं पोरगं इथे विजेच्या मोटारींच्या घरघरीवर नाचून दाखवू लागलं आणि लोक त्याला नवकला म्हणू लागले. १९२५ साली मानुएल दे फाया या संगीतकाराच्या 'एल आमोर ब्रुखो'मध्ये ला आर्खेन्तिना या नर्तिकेबरोबर नाचला. १९३२ पासून अमेरिकेचे दौरे. आणि १९४० च्या सुमाराला त्याने 'सेगिरिया' हा प्रकार नाचून दाखवला. तोवर तो फक्त गायला जाई, नाचायला फार गंभीर, जवळजवळ सुतकी समजत. त्याचा कोम्पास तर सोलेआहूनही वाकडा. टाळ्या येत नाहीत म्हणून काढलेल्या माणसाने फ्लामेंकोच्या नाचात एक आख्खं दालन उघडलं.

पण म्हातारपणी हा बंडखोर अगदी हेडमास्तर झाला! १९५१ साली बार्सेलोनात त्याने पुरुषांच्या नाचासाठी दहा आज्ञा जाहीर केल्या. पुरुषाने पुरुषासारखं नाचावं, संयम ठेवावा, कंबर हलवू नये, मनगट आतून बाहेर फिरवावं, बोटं जुळलेली असावीत, पारंपरिक वेष घालावा. काही पटतात. संयमाची तर नक्कीच. पण पहिली वाचून मला कार्मेन आमाया आठवते. बार्सेलोनाच्या समुद्रकाठच्या सोमोर्रोस्त्रो झोपडपट्टीतली गितानो मुलगी, बाप गिटार वाजवणारा, लहानपणापासून त्याच्याबरोबर दारूच्या गुत्त्यांतून नाचलेली. ती शाळेत कधी शिकली नाही, मांडीवर शिकली. तोवरचा सर्वसाधारण रिवाज असा, की बाईने कमरेवरचं नाचावं, हात, खांदे, मान; पाय पुरुषाचे. ही बाई पुरुषी पँट घालून उभी राहिली आणि तिच्या पायांपुढे भल्याभल्या पुरुषांना उत्तर सुचेना. (ती पहिली नव्हे हं. एकोणिसाव्या शतकात मालागाची 'ला क्वेन्का' पुरुषी वेषात पायांचं काम करून गेली होती. पण तिची फिल्म नाही, म्हणून ती विस्मरणात गेली.) कार्मेन १९६३ च्या नोव्हेंबरात गेली, मूत्रपिंडाच्या आजाराने. त्याच वर्षीच्या 'लोस तारान्तोस' चित्रपटात ती आहे, मिळाला तर जरूर बघा.

आणि मांडीवर न शिकलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी सेवियात एन्रिके एल कोखो होता. 'कोखो' म्हणजे लंगडा. जन्म कासेरेसचा, लहानपणी सेवियात आला, एक पाय अधू, अंगाने स्थूल. हा माणूस नाच शिकवत असे, आणि पुढे नाव काढणारी क्रिस्तिना ओयोससुद्धा त्याच्याकडे शिकून गेली. ज्याचा स्वतःचा एक पाय दुसऱ्यासारखा वाजू शकत नाही त्याच्याकडे लोक शिकायला येतात, म्हणजे शिकवलं जात होतं ते निव्वळ पायाचं बळ नव्हतं. १९५० नंतर माद्रिदच्या आमोर दे दिओस या रस्त्यावरचा स्टुडिओ तर जगभरच्या शिकाऊंचं ठिकाण झाला. जपानी, अमेरिकन, फ्रेंच मुलंमुली बारापर्यंत आकडे मोजत तिथे घाम गाळू लागली. जपानमध्ये तर आज फ्लामेंकोचे एवढे वर्ग आहेत की स्पॅनिश कलावंतांचं पोट त्यावर बरंचसं चालतं. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं.

एस्कुदेरोच्या दहा आज्ञांतली शेवटची राहिली. ती अशी, की आवाजातलं वैविध्य मनातून काढावं. जोड्याला पत्रे ठोकू नयेत, खोट्या फळ्यांचा मंच नको, बाकीची साधनं नकोत. लोखंडी झाकणांवर उभं राहून सुरुवात केलेल्या माणसाने, साठी ओलांडल्यावर, लोखंड बाद केलं. मग वाजवायचं कशावर? १९६० च्या सुमारास होसे व्हाल देल ओमार या दिग्दर्शकाने 'फुएगो एन कास्तिया' नावाचा एक छोटा, विलक्षण चित्रपट केला. तो वायादोलिदच्या संग्रहालयातल्या जुन्या लाकडी धार्मिक शिल्पांवर आहे. अंधारातून ते लाकडी संत उजेडात येतात, थरथरतात, आणि मागे ठोके ऐकू येत राहतात. ते ठोके एस्कुदेरोचे आहेत, पायांचे आणि नखांचे, लाकडावरचे. १९८० च्या डिसेंबरात तो बार्सेलोनात वारला, तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती.